ताई, यातली आमची ओळ कुठली?

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मी जाता जाता लिहिलं होतं, की हल्ली कुणीही कुठेही बोलायला उभं राहिलं की आधी ‘पीपीटी आणली का?’ असं विचारतात, आणि ती आणलेली असली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तेव्हा हा महिना फक्त पीपीटीचा.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझी सत्तावीस वर्षं बचत गटांतल्या बायकांच्या आणि शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणात गेली. सुरुवात केली तेव्हा ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. काचेवर प्लास्टिकचा कागद ठेवायचा, त्यावर मार्करने लिहायचं, चुकलं की पदराचं टोक ओलं करून पुसायचं. १९८७ साली पॉवरपॉइंट पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉश संगणकावर, आणि तेव्हा त्याचं मुख्य काम असले प्लास्टिकचे कागद छापून देणं हेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. कागद महाग असायचा. दहावा कागद काढताना माणूस थांबून विचार करायचा. आता स्लाइड फुकट आहे, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला वीस मिनिटं मिळाली आहेत. विषय आहे आमच्या शाळेतला वाचनकोपरा. मी ३४ स्लाइड केल्या आहेत. मागच्या वेळी माझं सादरीकरण चालू असताना एक गुरुजी मागून म्हणाले, ‘मॅडम, आम्हालापण वाचता येतं.’ सगळे हसले. या वेळी तसं होऊ नये. फाइल सोबत पाठवते आहे. — एक शिक्षिका, अकोले तालुका

ते गुरुजी खवचट खरे, पण बोलले ते चूक नव्हतं. पडद्यावर सात ओळी आल्या की समोरची माणसं त्या मनातल्या मनात वाचून टाकतात. तुम्ही तिसऱ्या ओळीवर असता तेव्हा ती सातवीवर पोचलेली असतात. उरलेल्या वेळात काय करायचं? मोबाइल काढायचा नाहीतर टोमणा मारायचा. त्यातून कानावर एक वाक्य आणि डोळ्यांपुढे दुसरं असं झालं, तर दोन्ही हातचं जातं. आपल्याला वाटतं, ऐकतातही आहेत आणि वाचतातही आहेत. तसं कुणालाच जमत नाही, मलाही नाही.

तुमची फाइल मी चहा घेत घेत सगळी पाहिली. पहिल्या स्लाइडवर नाव, दुसरीवर प्रस्तावना, तिसरीवर गरज, चौथीवर सात उद्दिष्टं, पाचवीवर महत्त्व, सहावीवर ‘वाचन म्हणजे काय’ याच्या तीन व्याख्या. हा बी.एड.चा प्रकल्प अहवाल झाला. समोर बसलेल्या चाळीस शिक्षकांना वाचनाची गरज तुम्ही पटवून देणार? ती त्यांना पटलेलीच आहे, म्हणून तर ते या नोकरीत आहेत. (निदान आपण तसं धरून चालू.)

मग एकोणिसावी स्लाइड आली आणि मी कप खाली ठेवला. तिथे एक फोटो आहे. शाळेच्या पायरीवर तिसरीतली एक मुलगी बसली आहे, मांडीवर धाकटा भाऊ, आणि ती त्याला गोष्ट वाचून दाखवते आहे. भावाने पुस्तकाची कड घट्ट धरली आहे आणि पुस्तक त्याच्या बाजूने उलटं आहे. हा फोटो तुम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढा करून उजव्या कोपऱ्यात टाकलाय. डावीकडे ‘वाचनाचे फायदे’ असे सहा मुद्दे, वर सावली पडणारी रंगीत अक्षरं आणि खाली गुलाबाचं फूल. त्या गुलाबाचा वाचनाशी काय संबंध, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता माझी एक फजिती ऐका. बचत गटांचं बँकेशी खातं जोडण्याचं प्रशिक्षण होतं. मी तालुक्यातल्या सगळ्या गटांचा तक्ता एका स्लाइडवर बसवला होता. चौदा रकाने. गटाचं नाव, स्थापना, सभासद, बचत, अंतर्गत कर्ज, थकबाकी आणि असंच पुढे. दोन रात्री जागून केलेला. मी काठीने एकेक रकाना समजावत होते. पंधरा मिनिटांनी मागच्या सतरंजीवरून एक आजी उठल्या, पडद्याजवळ आल्या, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ताई, यातली आमची ओळ कुठली?’

मला ती सापडेना. माझाच तक्ता, आणि मला त्यांची ओळ सापडेना. एकीने मागून सांगितलं, ‘खाली असंल, आमचं गाव खालच्या अंगाला हाय.’ तेव्हापासून कुठलीही स्लाइड झाली की मी त्या आजींच्या आवाजात स्वतःला हाच प्रश्न विचारते.

तुमच्या सभागृहातल्या शिक्षकांची ओळ कोणती? त्यांना तुमच्या शाळेचं कौतुक नको आहे. त्यांच्या डोक्यात तीनच प्रश्न असतात: खर्च किती, वेळ कुठून काढला, आणि पुस्तकं फाटली तर पैसे कुणी भरायचे. तिसऱ्या प्रश्नापायीच निम्म्या शाळांत पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या फाइलीत याची उत्तरं आहेत, पण अठ्ठाविसाव्या स्लाइडवर ‘अडचणी’ या मथळ्याखाली पाचव्या मुद्द्यात.

मी असं करीन. पहिलीच स्लाइड तो फोटो. पडदाभर, कडेपासून कडेपर्यंत, एकही अक्षर नाही. (मुलीच्या आईवडिलांना आधी विचारून घ्या.) फोटो आला की दोन-तीन श्वास गप्प बसा, लोकांना उलटं पुस्तक स्वतःच दिसू द्या. कुणीतरी हसेल. मग बोलायला लागा.

दुसऱ्या स्लाइडवर तुमच्या तेविसाव्या स्लाइडमधला बारा रकान्यांचा तक्ता पिळून फक्त दोन ओळी: ‘जून: ४१ पैकी ९’, ‘जानेवारी: ४१ पैकी २७’. वर मथळा ‘वाचनस्तर विश्लेषण’ असा नको, सरळ वाक्य लिहा: ‘गोष्ट स्वतः वाचणारी मुलं’. बाकीचे रकाने लागतातच. ते छापून जवळ ठेवा, केंद्रप्रमुखांनी विचारलं तर कागद पुढे करा.

तिसरी स्लाइड, दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली पुस्तकं. फोटो तुमच्याकडे आहे. पलीकडे कपाट दिसतंय तेवढं कापा. चौथीवर वेळ: ‘परिपाठानंतर २० मिनिटं’, एवढंच. आणि पाचवीवर, मोठ्या आकड्यात: ‘फाटलेली पुस्तकं: ११’. या स्लाइडवर सभागृह तुमच्या बाजूला येईल. तुम्ही लिहिलंय की मुलांनीच खळ आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन ती चिकटवली आणि फाटलेल्या पुस्तकांचा ‘दवाखाना’ काढला. हे पडद्यावर लिहू नका, तोंडाने सांगा. चिकटवलेलं एक पुस्तक पिशवीतून काढून पहिल्या रांगेत द्या आणि मागे फिरू द्या.

उद्दिष्टं? छापील कागदावर, शेवटी वाटा.

‘मग एकूण स्लाइड किती?’ हे तुम्ही विचारणारच. त्याला आकडा नाही. टोकियोत २००३ साली पेचाकुचा नावाचा एक प्रकार निघाला. त्यात वीस चित्रं, प्रत्येक बरोबर वीस सेकंद, पुढचं आपोआप येतं आणि सहा मिनिटं चाळीस सेकंदांत माणूस खाली बसतो. वीस स्लाइड आहेत, पण कंटाळा नाही, कारण एकीवर एकच गोष्ट. उलट तीनच स्लाइडमध्ये जीव नकोसा करणारी माणसंही मी पाहिली आहेत.

आणि हे सगळं परदेशातून शिकायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे, आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला ते पोथी म्हणतात. गंमत बघा, म्हणायचं पोथी आणि सांगणारा वाचत काहीच नाही. चित्र समोर उभं करायचं, गायचं, सांगायचं, प्रसंग संपला की पुढचं चित्र. चित्रातला राक्षस राक्षसाचं काम करतो आणि सांगणारा सांगण्याचं. दोघं एकमेकांच्या कामात लुडबुड करत नाहीत.

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव. वार्षिक सभेसाठी मराठीत पीपीटी केली. घरी सगळं व्यवस्थित, पण हॉलमधल्या लॅपटॉपवर लावली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. सभासदांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. नंतर दुसऱ्या फॉन्टमध्ये केली तर मात्रा आणि उकार कापले गेले. मराठीत पीपीटी करूच नये का? — एक सचिव, डोंबिवली

करावी, अवश्य करावी. फक्त आपली लिपी रोमनपेक्षा उंच आहे आणि सॉफ्टवेअरला ते कळत नाही, हे लक्षात ठेवून करावी.

आधी खिचडी. तुमची फाइल जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, म्हणजे छापखान्यांत वापरतात तसल्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, त्यावर फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो आणि आतलं रोमन उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ हा संगणकाच्या लेखीही ‘क’च असतो, आणि देवनागरी युनिकोडमध्ये अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. तेव्हा पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर आणलात तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. या बदलात अर्धा ‘र’ हमखास घोटाळा करतो. ‘आचाऱ्याला पाच हजार दिले’ याचं ‘आचार्याला पाच हजार दिले’ झालं, तर स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर पडतील आणि तुमचा ग्रुप पुन्हा पेटेल.

युनिकोडमध्येही साधा फॉन्ट घ्या. निर्मला विंडोजच्या यंत्रांवर सहसा असतोच. मुक्ता, बालू हे देखणे आहेत आणि फुकट मिळतात, पण ते हॉलच्या लॅपटॉपवर असतीलच असं नाही. त्यासाठी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची खूण असते, ती करा. आणि काहीही झालं तरी त्याच फाइलची पीडीएफ काढून पेन ड्राइव्हवर शेजारी ठेवा. पीडीएफमध्ये हलणारी-उडणारी चित्रं जातात. ती गेलेलीच बरी.

आता कापलेले उकार. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या कोऱ्या साच्यात दोन ओळींमधलं अंतर मुळात ०.९ धरलेलं असतं. रोमनला ते पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो, खालच्या ओळीची मात्रा वर जाते, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर येतात. अंतर १.१ किंवा १.२ करा. अधोरेखा देऊ नका, ती उकारांतून आरपार जाते. अक्षरं तिरकी करू नका, देवनागरीत ती पडल्यासारखी दिसतात. ठसठशीत करायचं तर एखादाच शब्द करा.

आणखी एक छुपा चोर म्हणजे ऑटोफिट. चौकटीत ओळी वाढल्या की सॉफ्टवेअर काही न सांगता अक्षर लहान करत जातं. तुम्ही २८ आकारात सुरुवात करता, आठवी ओळ लिहिता, आणि अक्षर १८ वर येऊन बसलेलं असतं. तुम्ही स्क्रीनला नाक लावून बसलेले असता, म्हणून कळत नाही. माझा नियम असा की मजकूर २८ च्या खाली गेला की अक्षर लहान करायचं नाही, वाक्य कापायचं.

तपासायची युक्ती सोपी आहे. साधारण हॉलमध्ये शेवटची रांग पडद्याच्या रुंदीच्या सहापट लांब असते. सहा फुटी पडदा असेल तर छत्तीस फूट. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण एक फूट रुंद. ती टेबलावर ठेवा, सहा फूट मागे जा आणि वाचा. वाचता येत नसेल तर शेवटच्या रांगेलाही येणार नाही. आणि वार्षिक सभेत शेवटच्या रांगेतच ते तीन काका बसतात, ज्यांना ताळेबंदातला प्रत्येक आकडा बघायचा असतो.

ताळेबंद मात्र पडद्यावर नकोच. तो नियमाप्रमाणे सभासदांना आधीच गेलेला असतो. पडद्यावर एवढंच ठेवा: गेल्या वर्षी देखभालीचा महिन्याचा हप्ता किती होता, यंदा किती, आणि वाढ कशामुळे. त्यांची ओळ तीच आहे.

द्राक्षबागेत डावणी हा रोग कसा ओळखावा यावर गटातल्या पन्नास-साठ बागायतदारांपुढे बोलायचं आहे. कार्यक्रम बेदाण्याच्या शेडमध्ये, सकाळी अकराला. प्रोजेक्टर भाड्याने आणावा का? — एक बागायतदार, तासगाव

नको. शेडला हिरवी जाळी बांधलीत तरी अकराच्या उन्हात पडद्यावरचं सगळं भुतासारखं दिसेल. डावणीचा तेलकट पिवळट डाग तर मुळीच दिसणार नाही. पिवळा रंग उजेडात आधी उडतो.

तुमच्याकडे प्रोजेक्टरपेक्षा चांगली वस्तू आहे, ती म्हणजे पान. सकाळी वीस-पंचवीस पानं तोडून आणा, थोडी डावणीची, थोडी भुरी या दुसऱ्या रोगाची. तिघांत एक द्या. सूर्याकडे धरून डाग बघायला सांगा, मग पान उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवा. भुरीची पावडर पानाच्या वरच्या अंगालाही दिसते, हा फरक हातात पान असताना एका मिनिटात कळतो. पानं आठवणीने पिशवीत परत गोळा करा. कुणी खिशात घालून आपल्या बागेत नेली तर पुढच्या महिन्यात तुमच्याच नावाने बोंब. फोटो दाखवायचेच असतील तर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवा, ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या हातात.

मी कारखान्यात ज्युनिअर इंजिनीअर आहे. साहेबांचा आग्रह असतो की सगळं एकाच स्लाइडवर हवं. ‘मीटिंगला न आलेल्या माणसालाही वाचून कळलं पाहिजे.’ मग अक्षर १० आकाराचं होतं, आणि मीटिंगमध्ये कुणीच काही वाचत नाही. साहेबांना कसं सांगू? — चाकण

साहेबांचं मागणं रास्त आहे. न आलेल्या माणसालाही कळलं पाहिजे हे खरंच. पण ते काम अहवालाचं आहे. एकाच कागदावर अहवाल आणि स्लाइड दोन्ही काढायला गेलं की एकही धड होत नाही.

साहेबांना सांगायला एक जुनी गोष्ट देते. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया अवकाशयान उडालं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. धोका किती, हे यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी तपासलं आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडलं. त्यांतली एक स्लाइड नंतर फार गाजली. मथळा धीर देणारा. चाचण्या पाहता काळजीचं फारसं कारण नाही, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. खाली मुद्दे, मुद्द्यांना उपमुद्दे, उपमुद्द्यांना आणखी पिलावळ. आणि अगदी तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांत खरी गोष्ट: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १९२० घनइंच, आणि ज्या चाचण्यांच्या भरवशावर वरचा मथळा होता त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा. भागाकार करा, ६४० पट येतात. म्हणजे त्या चाचण्या या घटनेला लागूच नव्हत्या.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. सातही जण गेले, त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडची दखल घेतली, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी पॉवरपॉइंट वापरण्याच्या सवयीवर ताशेरे ओढले. यान काही स्लाइडमुळे पडलं नाही, पंखाला पडलेल्या भोकामुळे पडलं. पण निर्णय घेणाऱ्यांना जी एक ओळ दिसायला हवी होती ती तळघरात होती. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त टोचेल.

म्हणून तुमच्यापुरतं असं करा. एक स्लाइड, त्यावर एक वाक्य आणि एक आलेख. वाक्यात निर्णय असू द्या. ‘लाइन दोनवरील रिजेक्शनचे विश्लेषण’ असा मथळा टाकण्यापेक्षा ‘लाइन दोनवरचं रिजेक्शन डाय बदलल्यावर निम्म्यावर आलं’ असं लिहा. आलेखात बाकी रेघा राखाडी आणि ज्या रेघेबद्दल बोलताय ती एकच रंगीत. लाल-हिरव्याची जोडी टाळा, काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत, आणि कारखान्याच्या मीटिंगमध्ये पुरुषच जास्त. तारीख आणि एकक आलेखावरच लिहा. बाकीचं सगळं दोन पानांच्या टिपणात, सलग वाक्यांत, आदल्या दिवशी मेलने. सलग वाक्य लिहायला लागलं की ‘त्यामुळे’, ‘पण’, ‘असं असूनही’ हे शब्द वापरावे लागतात, आणि विचारातली भोकं तिथेच उघडी पडतात. मुद्दे टाकले की ती झाकली जातात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केलं ते याचसाठी. तिथे लेखी टिपण वाटतात, सगळे आधी गप्प बसून ते वाचतात, मग बोलतात. तुमचे साहेब तेवढे गप्प बसतील का ते मला माहीत नाही.

साहेबांशी वाद घालू नका. पुढच्या वेळी दोन्ही घेऊन जा, त्यांची भरगच्च स्लाइड छापील आणि तुमची पडद्यावर. लोकांचे प्रश्न कशावर येतात ते त्यांना बघू द्या.

भूगोलाच्या सेमिनारसाठी किल्लारीच्या भूकंपावर एआयकडून पीपीटी करून घेतली. बारा स्लाइड, दोन मिनिटांत. दिसायला झकास आहे. सरांना कळेल का? — बी.ए.चा विद्यार्थी, लातूर

सरांचं सोड, तुझ्या आजीला दाखव. तू पाठवलेल्या फाइलीत तिसऱ्या स्लाइडवर काचेची सातमजली इमारत कोसळताना दाखवली आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय कोसळलं? दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यावर मातीचं जड धाबं. आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. माणसं त्या भिंती आणि धाब्यांखाली गेली. ती घरं तशी का बांधत, आणि नंतरची घरं वेगळी का, हा तुझा सेमिनार. तू लातूरचा आहेस. तुझ्या घरात कुणीतरी त्या पहाटे अंगणात धावलेलं असेल. त्यांना विचार, जुन्या भिंतीचा एक फोटो काढ, जाडी टेपने मोज आणि तो आकडा स्लाइडवर टाक. मथळे, रंग, मांडणी यांना एआय घे, माझी हरकत नाही. चित्र आणि आकडा मात्र तुझा हवा.

मी गटप्रवर्तक आहे. आशाताईंच्या बैठकीत दर महिन्याला पीपीटी दाखवते. माझे दोन प्रश्न. बोलताना हात थरथरतात, लेझरचा ठिपका नाचतो. आणि शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड ठेवावी की नाही यावर आमच्यात वाद आहे. — गोंदिया जिल्हा

लेझर घरी ठेवा. थरथर तुमच्या बोटात असते एक मिलिमीटर, आणि पडद्यावर ती वीतभर दिसते. शिवाय आता जागोजागी प्रोजेक्टरऐवजी मोठे टीव्ही आलेत, त्यावर ठिपका धड उमटतही नाही. काही दाखवायचं असेल तर त्या जागी स्लाइडमध्येच जाड गोल काढा, किंवा सरळ चालत जाऊन हात लावा. चाललं की थरथर निम्मी होते.

पहिली दोन वाक्यं पाठ करा. फक्त दोनच. उरलेलं पाठ केलंत तर एक शब्द विसरल्यावर सगळंच जातं. आणि सगळ्यांनी तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा कीबोर्डवरचं बी दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. आशाताई एखादा अनुभव सांगायला लागली की मी हटकून पडदा काळा करायचे. तिच्या डोक्यामागे लसीकरणाचा तक्ता कशाला चमकत राहायला हवा? एका कागदावर स्लाइडचे क्रमांक लिहून ठेवा. कुणी मागचं विचारलं तर क्रमांक टाइप करून एंटर दाबायचं, स्लाइड थेट तिथे जाते. सगळ्यांसमोर सरसर मागे जायची नामुष्की टळते.

आता ‘धन्यवाद’. बैठकीत शेवटची स्लाइड सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर असते, हे कधी पाहिलंय का? प्रश्नोत्तरं होतात, चहा येतो, सह्यांचं रजिस्टर फिरतं, आणि ती तिथेच. दहा-पंधरा मिनिटं पन्नास डोळे तिच्यावर. त्या जागी तुम्ही ‘धन्यवाद’ लावता, ते तर तोंडानेही म्हणता येतं. तिथे या महिन्यात करायचं काम लावा: कुठल्या गावात कोणत्या तारखेला लसीकरण सत्र, मोठ्या अक्षरात, गावांची नावं एकाखाली एक. प्रत्येक ताई चहा पिता पिता आपलं गाव शोधेल आणि मोबाइलने फोटो काढून घेईल.

गुलाबाचं फूल तुमच्याही फाइलीत असणार. ते आधी काढा.